सायन्स सोडून सायकॉलॉजी: मराठी माध्यमातून बीए करताना काय काय झालं

टीवायची (बीएच्या तिसऱ्या वर्षाची) शेवटची मार्कशीट ऑगस्ट २०२५ मध्ये हातात आली आणि तेव्हापासून गावाकडच्या चार-पाच मुलींचे मेसेज आलेत, ताई सायकॉलॉजी घेऊ का, मराठीत पेपर लिहिता येतो का, खर्च किती येतो, पुढं काय. प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढावं म्हणून बसलेय. मार्क माझे मध्यमच आहेत, पण तीन वर्षं मराठीतून हा विषय शिकून पूर्ण केलाय, तेव्हा जसं घडलं त्या क्रमानं सांगते, तारखा आणि पैसे आठवतात तेवढे टाकते.

आमचं गाव नारायणगावपासून सात-आठ किलोमीटरवर, घरी टोमॅटो, कांदा आणि दोन म्हशी. मी बारावी सायन्सला होते. ८ जून २०२२ ला निकाल लागला, ६१ टक्के. घरात ठरलेलं होतं की नर्सिंग नाहीतर बीएस्सी. मी म्हणाले मला आर्ट्सला जायचंय, सायकॉलॉजी घ्यायचीय. पप्पा दोन दिवस बोललेच नाहीत.

कारण होतं माझी आत्या. मी पाचवीत असताना ती माहेरी परत आली. रात्र-रात्र झोपायची नाही, भिंतीपलीकडं माणसं आपल्याबद्दल बोलतायत म्हणायची, जेवण पुढं केलं की आधी आईला घास खायला लावायची. दोन वर्षं देवऋषी झाले, लिंबू-अंगारे झाले, लांब-लांबच्या ठिकाणी नेऊन झालं. शेवटी पप्पांच्या एका मित्रानं पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि सहा-सात महिन्यांत आत्या पुन्हा चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. पण त्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणीच कधी घेतलं नाही. 'तिचा तो त्रास' एवढंच. मला त्या त्रासाचं नाव पाहिजे होतं, एवढं साधं कारण. पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, फॉर्म भर.

पुण्यात तीन कॉलेजांचे फॉर्म भरले. इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवा, सायकॉलॉजी पहिल्या वर्षाला बऱ्याच ठिकाणी असते पण ती तिसऱ्या वर्षापर्यंत स्पेशल म्हणून आहे का आणि प्रयोगशाळा आहे का हे आधी विचारा. एका ठिकाणी मी ऑफिसात विचारलं म्हणून कळलं की तिथं फक्त जनरलला आहे, म्हणजे डिग्री दुसऱ्याच विषयाची झाली असती. माझं नाव तिसऱ्या लिस्टला लागलं, जुलैच्या शेवटी. टीसी ओरिजिनल, दहावी-बारावीची मार्कशीट, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. टीसी एकदा जमा झाली की परत मिळत नाही, तिच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा. सायन्समधून आर्ट्सला यायला काही अडचण येत नाही, वेगळं काही सर्टिफिकेट लागत नाही. पहिल्या वर्षाची फी सगळं धरून ६,४०० रुपये भरली. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, फॉर्मही भरला, पण माझं आधार बँक खात्याला लिंक नव्हतं आणि ते मला पाच महिन्यांनी कळलं, पैसे आले ते पुढच्या वर्षी. फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन एवढं एक काम करून या.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली, एका खोलीत तिघी, महिना ३,५०० आणि डिपॉझिट ५,०००. दोन बोळ सोडून मेस, दोन वेळचे २,८००. मेसच्या काकू या लिखाणात पुढं पुन्हा येणारेत.

लेक्चर ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाले. पहिला आठवडा मला काहीच कळलं नाही. मॅडम छान शिकवायच्या, पण अर्धं इंग्रजीत, आणि मराठी सांगायच्या ते शब्द मला इंग्रजीपेक्षा अवघड वाटायचे. परसेप्शन म्हणजे संवेदन, सेन्सेशन म्हणजे वेदन, व्हेरिएबल म्हणजे परिवर्त्य, रिइन्फोर्समेंट म्हणजे प्रबलन. वर्गात निम्म्या मुली पुण्यातल्या इंग्लिश मीडियमच्या, त्या धडाधड उत्तरं द्यायच्या आणि आम्ही पाच-सहा जणी मागच्या बाकावर शब्दच लिहून घ्यायचो. मी सप्टेंबरमध्ये घरी फोन करून रडले पण होते, की मला जमत नाही, नर्सिंगच बरं होतं. आई म्हणाली दिवाळीपर्यंत थांब.

त्या काळात मी एक वही केली आणि ती तिन्ही वर्षं चालवली, माझ्या मते मी पास झाले ते त्या वहीमुळं. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, त्यापुढं पुस्तकातला मराठी शब्द, आणि उजव्या पानावर माझ्या भाषेत एक ओळ. अर्थ माझ्या भाषेत लिहिता आला तरच तो शब्द मला कळला असं धरायचं. अभिजात अभिसंधान, म्हणजे क्लासिकल कंडिशनिंग, मला काही केल्या येईना. पाव्हलॉवचा प्रयोग, मांसाबरोबर रोज घंटा वाजवली की पुढं नुसत्या घंटेला पण कुत्र्याला लाळ सुटते, हे सगळं पाठ होत होतं पण बसत नव्हतं. मग एका शनिवारी घरी गेले, संध्याकाळी आई धारेला निघाली, बादलीच्या कडीचा आवाज झाला आणि अजून कुणी कासेला हात पण लावला नव्हता तरी म्हशीनं पान्हा सोडला. मी तिथंच उभी राहिले. रोज बघितलेली गोष्ट. कास धुणं-चोळणं हा मूळ उद्दीपक, कडीचा आवाज आधी नुसताच आवाज होता, रोज दोन्ही बरोबर घडून-घडून त्या आवाजालाच म्हैस पान्हवायला लागली. वहीत लिहिलं, 'कडी वाजली की पान्हा'. सोमवारी मॅडमना सांगितलं तर त्यांनी मला पुढं बोलावून वर्गाला सांगायला लावलं आणि इंग्लिश मीडियमच्या दोघी-तिघींनी पान्हा म्हणजे काय ते मला विचारलं. त्या दिवसानंतर मी मागच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आले.

पहिल्या युनिटमध्ये वुंटनं जर्मनीत लाइपझिगला १८७९ मध्ये काढलेली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा सगळ्यांना पाठ असते. पण आपल्याकडं कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्येच मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला होता हे मॅडमनी सांगितलं म्हणून कळलं. उत्तरात ती एक ओळ टाका, बरं दिसतं.

पेपर मराठीत लिहिता येतो. आमच्या पॅटर्नला ७० मार्कांचा पेपर आणि ३० इंटर्नल असं होतं. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत असते, पण मराठी प्रश्न कळला नाही तर वरचा इंग्रजी प्रश्न वाचायचा, कधी कधी भाषांतरात अर्थ सरकतो. मी शब्द पहिल्यांदा येईल तिथं मराठी लिहून कंसात इंग्रजी शब्द टाकायचे, स्पेलिंगसकट पाठ करून. तपासणाऱ्याला कळतं की हिला संकल्पना माहितीय.

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा जानेवारी २०२३ मध्ये झाली, निकाल लागला आणि माझ्या एका विषयाच्या इंटर्नलपुढं चक्क गैरहजर. मी टेस्ट दिली होती, असाइनमेंट दिली होती. कॉलेजच्या ऑफिसात गेले तर ते म्हणाले डिपार्टमेंटला विचारा, डिपार्टमेंट म्हणालं आम्ही यादी दिलीय, परत ऑफिस. मार्क भरताना माझी ओळच सुटली होती. अर्ज, त्याला विभागप्रमुखांची सही, टेस्टच्या पेपरची झेरॉक्स, मग कॉलेजचं पत्र. सहा आठवडे लागले, अकरा खेपा मोजल्यात मी. तेवढ्या काळात झोप लागायची नाही कारण दुसऱ्या वर्षी स्पेशलच्या जागा मार्कांवर मिळतात आणि माझा एक विषय नापास दिसत होता. शेवटी दुरुस्त मार्कशीट आली. तेव्हापासून मी प्रत्येक असाइनमेंट देताना पहिल्या पानाचा आणि सही केलेल्या यादीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायची. तुम्हीपण ठेवा. आणि ऑफिसात रिकाम्या हातानं जाऊ नका, अर्जाची एक प्रत आपल्याकडं ठेवून तिच्यावर शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून सांगायला लागतं.

त्याच मार्चमध्ये, २०२३ ला, एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. छोटी गोष्ट वाटेल, पण आधी मी महिन्यातून एकदा घरी जायचे ते दोनदा जायला लागले, आणि पुढचं जे सांगणारेय ते त्यामुळं झालं.

दुसरं वर्ष ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं. स्पेशल मिळालं. या वर्षी विकासात्मक मानसशास्त्र होतं आणि ज्याच्यासाठी मी आले होते ते अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मनाच्या आजारांचा अभ्यास. सप्टेंबरमध्ये छिन्नमनस्कतेचं (स्किझोफ्रेनियाचं) प्रकरण आलं. मी ते वर्गात शिकवायच्या आधीच रात्री खोलीवर वाचून काढलं. भ्रम म्हणजे खोटी समजूत घट्ट धरून बसणं, विभ्रम म्हणजे नसलेलं ऐकू येणं किंवा दिसणं, आणि संशय. एकेक लक्षण वाचत होते आणि डोळ्यापुढं आमचं माजघर येत होतं, आत्या आईला म्हणतेय वहिनी आधी तू खा. मला वाटलं सापडलं. आठ वर्षं घरात जे नाव नव्हतं ते माझ्या पुस्तकात पान उघडून समोर होतं.

दिवाळीला घरी गेले आणि मी चूक केली. जेवताना सगळ्यांपुढं म्हणाले की आत्याला काय आहे ते मला आता कळलंय, आणि नाव घेतलं. आत्या ताटावरून उठून गेली. पप्पा एवढंच बोलले, तुला याच्यासाठी पाठवलं का पुण्याला.

सुट्टीनंतर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, प्रत्येक बॅचला असं होतं, या पेपरला निम्म्या मुलींना वाटतं हे आपल्यालाच झालंय आणि निम्म्या घरच्यांचं निदान करून येतात. मग म्हणाल्या, भ्रम आणि विभ्रम फक्त या एकाच आजारात असतात असं नाही, दुसऱ्या आजारांतही दिसतात, लक्षण सारखं म्हणजे आजार सारखा नाही, त्यासाठी किती काळ, कधी, त्याआधी काय, औषधं कुठली, हे सगळं बघायला लागतं आणि ते बघायचा तुला अजून अधिकार नाही. तू तिची भाची आहेस ना, मग भाची म्हणून जाऊन बस तिच्यापाशी.

मी जाऊन बसले. दर पंधरा दिवसांनी. काही विचारलं नाही, शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा. माफी मागितली तेव्हा तिनं मान हलवली फक्त. जानेवारीत एकदा तीच म्हणाली, पुढच्या महिन्यात डॉक्टरकडं जायचंय, पप्पाऐवजी तू चल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोघी गेलो. आत गेल्यावर आत्यानं पदर नीट केला आणि विचारलं, डॉक्टर, मला नेमकं काय झालंय? इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं आणि आम्हीही कुणी तिच्यापुढं विचारलं नव्हतं, पप्पा काय ते बाहेर येऊन विचारायचे. डॉक्टरांनी साध्या मराठीत वीस मिनिटं समजावून सांगितलं, गोळी काय करते, ती सोडली तर काय होऊ शकतं. त्यांनी जे नाव सांगितलं ते आत्याचं आहे, मी इथं लिहीत नाही. नंतर अभ्यासात वाचलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपल्या आजाराबद्दल आणि उपचाराबद्दल माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्कच आहे. परत येताना वाकडेवाडीच्या स्टँडवर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि आत्या म्हणाली, बरं झालं विचारलं. मला त्या पेपरला ७० पैकी ४१ मिळाले.

त्याच वर्षी वर्गाची येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला भेट झाली. राज्यात अशी चार आहेत, ठाणे, नागपूर, रत्नागिरी आणि हे. कॉलेजच्या पत्रानं आधी परवानगी काढायला लागते, फोटो काढायचे नसतात. भेटीवर चार पानांचा रिपोर्ट होता, मी आत्याबरोबर ओपीडीत बसले होते त्यामुळं मला तिथं बाकीच्यांसारखी भीती वाटली नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. तुम्ही सायकॉलॉजी करताय हे कळलं की लोक दोन प्रकारे वागतात. काही म्हणतात माझ्या मनात काय चाललंय सांग. आणि काही रात्री अकराला तुमच्या कॉटवर येऊन बसतात आणि खरंच सांगायला लागतात. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीनं एकदा सांगितलं की तिला जगावंसंच वाटत नाही. मी घाबरले होते, पण तिला एकटीला सोडलं नाही, तिच्यासमोरच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावला, मराठीत बोलता येतं, आणि सकाळी तिच्या परवानगीनं तिच्या मोठ्या बहिणीला कळवलं. ती आज बरी आहे. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि आपण अजून विद्यार्थी आहोत, एकटीनं कुणाचा भार उचलायचा नसतो, हेही.

आता तिसरं वर्ष. जून २०२४ च्या शेवटी सुरू झालं आणि खरी मजा, खरी मेहनत, दोन्ही इथं आहे. प्रॅक्टिकल. प्रयोग आणि चाचण्या, प्रत्येकाचं जर्नल. जर्नलची वही, आलेखाचे कागद, झेरॉक्स, स्पायरल सगळं धरून वर्षाला १,४०० च्या आसपास गेले, शिवाय या वर्षाची फी प्रॅक्टिकलमुळं ९,००० च्या वर गेली.

प्रयोगात ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला प्रयोज्य म्हणतात आणि तो आपला आपण शोधून आणायचा. एकमेकींवर प्रयोग करून चालत नाही कारण आपल्याला प्रयोग माहीत असतो. (म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम, टोकांना आत-बाहेर वळलेले बाण असलेल्या दोन रेषांचा, याला अपवाद, दोन्ही रेषा सारख्या आहेत हे माहीत असून पण एक लांबच दिसते, १८८९ पासून सगळ्यांना दिसतेय.) ज्युनिअर मुलांना वडापाव देऊन आणायचो, पण त्यांना लेक्चर असायचं. मग मी मेसच्या काकूंना विचारलं. दुपारी तीन ते साडेचार त्यांना मोकळा वेळ असायचा. त्या म्हणाल्या, मी सातवी शिकलेली, मला काय येणार. मी म्हणाले काकू तुम्हीच पाहिजे.

पहिला स्ट्रूपचा प्रयोग केला. रंगांची नावं वेगळ्याच रंगात छापलेली असतात, म्हणजे 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. माणूस अडखळतो, वेळ वाढतो, हा १९३५ चा गाजलेला प्रयोग आहे आणि हमखास येतो. लॅबमधलं कार्ड इंग्रजी होतं, तेच मी नेलं. नुसत्या रंगांच्या पन्नास ठिपक्यांना काकूंना ४६ सेकंद लागले आणि शब्दांच्या कार्डाला ४९. कुठं अडखळल्याच नाहीत. मी घाबरले, प्रयोग फसला, आता जर्नलमध्ये काय लिहू. एका मैत्रिणीनं सुचवलं की आकडे बदलून टाक, कुणाला कळतंय. रात्रभर विचार केला आणि सकाळी मॅडमना खरे आकडे दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं, तुझा प्रयोज्य इंग्रजी वाचतो का?

काकू इंग्रजी अक्षरं जुळवून वाचतात, एकेक करत. त्यांच्या डोळ्यांना तो शब्द दिसतच नव्हता, नुसता रंग दिसत होता. शब्द आडवा येतो तो वाचन आपोआप होत असेल तरच. मी रात्री बसून स्केचपेननं मराठी कार्ड केलं, लाल, निळा, हिरवा, पिवळा, मोठ्या अक्षरात पन्नास शब्द. चार दिवसांनी तेच काकूंना दिलं. ८८ सेकंद. मध्ये-मध्ये थांबत होत्या, हसत होत्या, स्वतःच्या तोंडावर हात ठेवत होत्या, अगं बाई पिवळा, नाही गं, निळा. जर्नलमध्ये मी दोन्ही कार्डांचे आकडे लिहिले, शेजारी-शेजारी. तीन वर्षांत मी जे शिकले त्यात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, समोरच्या माणसाची भाषा धरून प्रयोग केला नाही तर निकाल त्या माणसाचा येत नाही.

निरर्थक शब्दांच्या पाठांतराचं पण असंच. आधीची ओळख आड येऊ नये म्हणून एबिंगहाउसनं स्मरणाच्या प्रयोगांत असे शब्द वापरले, ते प्रयोग १८८५ मध्ये छापून आले, पण मराठीत निरर्थक शब्द करणं फार अवघड आहे. मी 'घेण' लिहिलं तर काकू म्हणाल्या घेणं. 'ढेप' लिहिलं तर ती गुळाची. बारा शब्दांची यादी करायला मला दोन दिवस लागले.

सगळ्यात लक्षात राहिला तो आरशातून चांदणी काढायचा प्रयोग. पुढं आरसा, मध्ये पडदा, हात थेट दिसत नाही, आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. आधी डाव्या हातानं एकदा, मग उजव्यानं दहा वेळा सराव, मग परत डाव्यानं, एका हाताचा सराव दुसऱ्याला उपयोगी पडतो का ते बघायला. सूचना छापलेल्या असतात आणि त्या प्रत्येकाला जशाच्या तशा वाचून दाखवायच्या, आपल्या मनानं एक शब्द घालायचा नाही. पहिल्याच टोकाला काकूंची पेन्सिल अडकली. वर न्यायची तर खाली जायची, खाली न्यायची तर वर, त्याच कोपऱ्यात गिरगिट झाली, पोळ्या लाटणारा सराईत हात आणि एक रेघ पुढं सरकेना. कपाळावर घाम आला. मला तोंडापर्यंत आलं होतं, काकू राहू द्या, किंवा उलटं न्या म्हणून सांगावं. सांगायचं नसतं. मी घड्याळ बघत बसले. ३ मिनिटं १० सेकंद, ४१ चुका. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, मी नापास का गं?

सूचनांमध्ये वाक्य होतं, ही तुमच्या बुद्धिमत्तेची परीक्षा नाही. मी सुरुवातीला ते वाचलं होतं, पण घाईत, बाकीच्या वाक्यांसारखंच. ते वाक्य तिथं का आहे ते मला त्यांचा चेहरा बघून कळलं. पुन्हा सावकाश वाचून दाखवलं. मग दहा वेळा उजव्या हातानं केलं आणि शेवटच्या डाव्या हाताच्या वेळी १ मिनिट २० सेकंद, १२ चुका. काकूंनी तो कागद हातात धरून दोनदा निरखला.

जर्नलमध्ये प्रयोज्याचं नाव लिहीत नाहीत, आद्याक्षरं, वय, लिंग, शिक्षण एवढंच. काकूंनी विचारलं माझं नाव कुठाय. मी सांगितलं की नाव लिहायचं नसतं, तुमची माहिती गुप्त ठेवायची असते. त्या म्हणाल्या, अगं पण मी केलंय ना ते. मला उत्तर आलं नाही तेव्हा.

सांख्यिकीला आर्ट्सच्या मुली फार घाबरतात. मध्यमान, मध्यांक, प्रमाण विचलन, सहसंबंध, हातानं करायला लागतं. सायन्स झालेलं असेल तर सोपं जातं, नसेल तर रोज दोन गणितं करा, महिन्यात येतं. चाचण्यांमध्ये विश्वसनीयता (तीच चाचणी पुन्हा घेतली तरी तसाच निकाल येणं) आणि सप्रमाणता (जे मोजायचंय तेच मोजलं जाणं) यातला फरक पक्का करा, तोंडी परीक्षेत विचारतातच.

जर्नल विभागप्रमुखांनी सही करून सर्टिफाय केल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, आणि सह्यांसाठी शेवटच्या आठवड्यात रांग लागते, तेव्हा प्रत्येक प्रयोग झाला की त्याच आठवड्यात सही घ्या. माझी प्रॅक्टिकल परीक्षा मार्च २०२५ मध्ये झाली. चिठ्ठी उचलायची, त्यावर येईल तो प्रयोग करायचा. मला स्ट्रूपच आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल चाळलं, त्या दोन आकड्यांच्या पानावर थांबले आणि विचारलं हे असं का. मी मराठीतून सांगितलं, जसं झालं तसं, आधी फसला वाटला, मग का फसला ते कळलं, मग कार्ड केलं. ते म्हणाले पहिले आकडे ठेवलेत ते चांगलं केलंत.

लेखी एप्रिलमध्ये संपली, निकाल जूनमध्ये, मार्कशीट ऑगस्टमध्ये. राहणं-जेवण सोडून तीन वर्षांचा खर्च फी, पुस्तकं, जर्नल, फॉर्म मिळून साधारण तीस हजार झाला. राहण्या-जेवणाचा मात्र महिना साडेसहा-सात हजार धरूनच चाला.

पुढचं स्पष्ट सांगते कारण ॲडमिशनच्या वेळी कुणी सांगत नाही. बीए झालं म्हणजे समुपदेशक झालो असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते, ती नुसत्या बीएवर मिळत नाही. औषधं देणारे सायकियाट्रिस्ट वेगळे, ते आधी एमबीबीएस असतात. बीएनंतर एमए, मग त्यापुढचं शिक्षण, म्हणजे घरच्यांना पाच-सात वर्षांचा हिशोब आधीच सांगा. आणि एक मैत्रीण घरी बसून बाहेरून करणार होती, तर जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत, कुणी ॲडमिशन देतो म्हणालं तर पैसे भरायच्या आधी चौकशी करा. आमच्यानंतर पॅटर्न पण बदललाय, नव्या धोरणाप्रमाणं विषयांची मांडणी वेगळी आहे, तेव्हा पेपरांची नावं माझ्यावरून ठरवू नका, कॉलेजातून यंदाचा अभ्यासक्रम मागून घ्या. मला एमएला प्रवेश मिळालाय, तिथली पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत, माझी वही पुन्हा सुरू झालीय.

खोली सोडायच्या आधी मॅडमची परवानगी घेऊन जर्नलमधली काकूंची शेवटची चांदणी झेरॉक्स करून घेतली आणि त्यांना नेऊन दिली. परवा मेसमध्ये गेले होते. ती कालनिर्णयच्या शेजारी चिकटवलेली आहे, खाली १२ चुका आणि १ मिनिट २० सेकंद हे माझ्या अक्षरात, आणि त्याच्याखाली निळ्या बॉलपेननं, ठसठशीत, काकूंनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलंय.